बदलापूरचा डावा कोपरा
निलगिरी तेलाचा वास आला की अंबरनाथच्या चाळीचा ओटा आठवतो. दिवाळीनंतर कबड्डीचे सामने सुरू व्हायचे, त्याआधी आम्ही बायका गुडघ्यांना तेल चोळत बदलापूरच्या संघाशी एकेका जागेची तुलना करायचो. कॅप्टनताई फरशीवर खडूने लिहायच्या. चढाईला आमची भारी, उजव्या कोपऱ्यालाही आमचीच. डावा कोपरा माझा. मीच म्हटलं, “लिहा हो ताई, त्यांचीच भारी. तिची पकड सुटत नाही, माझी सुटते.” शेजारीण म्हणाली, “अगं, गेली ना तुझी जागा.” ताई म्हणाल्या, “जाते कसली? कुठे सुटतं ते हिला कळतंय. उद्यापासून हिचा हात धरून साखळीत मी उभी राहणार.” तो अख्खा हंगाम मी डाव्या कोपऱ्यातच खेळले, आणि आज सत्तरीतही कुणी विचारलं तर सांगते, ती बदलापूरची बाई माझ्याहून भारीच होती.