मधातला तट्टा

शेजारच्या काकूंना काहीही सुचवा, आधी "काऊन?" म्हणून कारण विचारतात. अर्जुनी मोरगावच्या आमच्या गल्लीत लाल तोंडाची, फिसकारणारी मोठी बदकं फक्त त्यांच्याकडे आहेत. त्यातले दोन नर यंदा एकमेकांच्या जिवावर उठले. पंखांनी झोडपायचे, नख्यांनी ओरबाडायचे. सोडवताना काकूंचा हातसुद्धा फाटला.

"एक कापून टाका," सगळी गल्ली म्हणाली. मीही काकूंच्या कुंपणावरून तेच म्हणालो.

"काऊन कापू, गुरुजी? तुमी दोघं भाऊ भांडले, तं कोनी कोनाले कापलं का? भिंतच घातली ना मधात?"

काकूंनी हाताला चिंधी बांधली आणि अंगणाच्या मधोमध बांबूचा तट्टा उभा केला, नरांना एकमेकांचं तोंडही दिसू नये असा. दोन्हीकडे पाण्याचं एकेक घमेलं ठेवलं. आठवड्याभरात दोघेही निवले.

तेव्हा मला तट्ट्याच्या कोपऱ्यात खाली फट दिसली. चूक सापडल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

"काकू, फट राहिली!"

"राहिली नाही, ठेवली. नर मोठे, ते अडकतात. माद्या लहान, त्या येऊन-जाऊन राहिल्या."

तेवढ्यात एक मादी पोट घासत पलीकडे गेलीही. काकूंनी चिंधी बांधलेला हात आम्हा दोघा भावांच्या घरांमधल्या भिंतीकडे केला.

"तुमच्या भिंतीले तं फटच नाही. भांडले तुमी दोघं भाऊ, गुरुजी. बायकाइचं काय चुकलं होतं?"