आमच्या ह्यांचा उजवा हात

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला तो चाफ्याच्या बागेत, सकाळी कळ्या खुडताना. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या गास गावात तेव्हा शेतंच होती. मी हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून जाऊन बघते तर शिडीला टेकून बसलेले, तोंड वाकडं, आणि उजवा हात मांडीवर असा पडलेला, जसा दुसऱ्या कुणाचा.

वसईला दवाखान्यात पंधरा दिवस काढले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पाय ओढत का होईना, चालतील. हाताचं सांगता येत नाही. परत येणार असेल तर या तीन-चार महिन्यांतच येईल. हात हलता ठेवा." मी मान डोलावली. हलता ठेवायचा म्हणजे मी हलवायचा, एवढंच मला कळलं. दुसरं काही त्यात असेल हे खरंच सुचलं नाही.

आणि मग मी सेवेला लागले. कोमट खोबरेल लावून सकाळ-संध्याकाळ हात चोळायचा, वर करायचा, खाली करायचा. आंघोळ मी घालायची, शर्टाची बटणं मी लावायची, पेज मी भरवायची. डावा हात धडधाकट होता हो त्यांचा, पण त्यालाही मी काही करू दिलं नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघर यायचे. त्या दिवशी दाढी करून, धुतलेली चादर गळ्यापर्यंत ओढून मी ह्यांना निजवायची. आमच्याकडे आजारी माणसाला आजाऱ्यासारखं पडून राहावं लागतं. तो बसून काही करताना दिसला, तर लोकांना वाटतं घरच्यांनी टाकलंय. देवळातून मिसाहून परतताना बायका डोकावायच्या, "किती करतेस बाय नवऱ्याचं!" ते ऐकायला मला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

माझी भाची, राजोडी गावातल्या माझ्या भावाची मुलगी, तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. सुट्टीला घरी आली की सायकल घेऊन आमच्याकडे यायची. एकदा ओट्यावर बसून वही पाठ करत होती. मी तांदूळ निवडत होते.

"आत्या, ऐक. रोग नाही म्हणजे आरोग्य आहे, असं नसतं. आणि आजारी माणसातही आरोग्य असतं. किती उरलंय ते नर्सने आधी शोधायचं."

"मग उद्या स्मशानात जाऊन शोध," मी म्हटलं. "आजारी म्हणजे आजारी. त्यात आरोग्य कुठलं?"

"मामांचा डावा हात आहे ना. डोकं शाबूत आहे. उजव्याचा अंगठा हलतो, मी बघितला."

"माश्या बसल्या तर बैलाची कातडी पण हलते."

ती हसली नाही. आत गेली, चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड केला आणि ह्यांच्या उजव्या मुठीत दिला. ह्यांनी उचलला. निम्मी पेज छातीवर सांडली, निम्मी तोंडात गेली. मी पुढे होऊन पुसलं आणि चमचा काढून घेतला. "असे हाल नको करू गं त्यांचे."

भाची म्हणाली, "आत्या, सांडू दे ना. तू पुस, पण नंतर."

संध्याकाळी तिने आणखी एक केलं. चाफ्याच्या कळ्या आम्ही केळीच्या पानात ठेवून सोपटाच्या, म्हणजे केळीच्याच सालीच्या, ओल्या दोऱ्याने पुड्या बांधतो. ह्यांचा त्यात हात धरणारं गावात कुणी नव्हतं. भाचीने कळ्यांची टोपली आणून ह्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पान उजव्या अंगठ्याखाली दाबलं, दोरा दातात धरला, डाव्या हाताने वेढा दिला. कितीतरी वेळ गेला. पुडी वेडीवाकडी झाली, पण सुटली नाही. आणि हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

तेवढ्यात माझी मोठी जाऊ पायरी चढली. बघून दारातच थबकली.

"अगं बाय! आजाऱ्याला कामाला लावलंस? तुझे दोन हात झडले काय?"

माझ्या कानशिलांना आग लागली. भाची काही बोलणार होती, तिला मी डोळ्याने गप्प केलं. टोपली उचलायला गेले तर ती येईना. ह्यांनी धरून ठेवली होती, उजव्या हाताने. मी ती बोटं एकेक करून काठावरून सोडवली. आणि जावेला म्हटलं, "पोरीचा पोरखेळ हो वहिनी, मी कशाला लावू?"

जो हात परत येतोय का म्हणून मी दोन महिने नोव्हेनाची प्रार्थना म्हणत होते, तो माझ्याशी झोंबत होता, आणि मला दिसली फक्त जाऊ. हे "ऱ्हाऊ दे" असं काहीतरी म्हणाले. टोपली राहू दे म्हणाले, की मला म्हणाले राहू दे आता, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर मी भाचीला त्यांच्याजवळ फार बसू दिलं नाही. ती आली की चहा-बटर खायला लावून ओट्यावरूनच वाटेला लावायची. तीन महिने गेले, चार गेले. चोळणं मी एक दिवस चुकवलं नाही. तरी बोटं आत वळत गेली, मनगट वाकलं.

भाची नर्स झाली, मुंबईला नोकरीला लागली. वर्षा-दीड वर्षाने आली तेव्हा मीच म्हटलं, बघ गं जरा. तिने ह्यांचा हात मांडीवर घेतला, बोटं हळूहळू उघडून बघितली. "आखडलाय, आत्या," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, ती मला चार शब्द बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

जेवायची वेळ होती. मी ताट आणलं. तिने चमचा ह्यांच्या डाव्या हाताकडे केला. "मामा, ह्या हाताने धरता का?"

ह्यांनी चमच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.