शेगडीजवळचं लेकरू
दगडी कोळशाचा धूर नाकात गेला की ऐंशीच्या दशकातली, माजरीच्या कोळसा खाणीवरची ती गारठलेली सकाळ आठवते. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं आमचं लेकरू गार पडत चाललं होतं. मी शेगडी जवळ ओढली. त्याचा गाल तापला, पाठ थंडच राहिली. रक्त गेल्यानं बायको स्वतःच गारठली होती. "सदरा काढा अन् छातीले लावा त्याले," ती म्हणाली. पाचवीआधी बापानं बाळाला शिवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मी दारात बसलेल्या माझ्या आईच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. "तिकडं काऊन पाहून राह्यले? लेकरू तुमचं हाय ना!" बायको म्हणाली. मग घेतलं. माझी ऊब त्याच्यात उतरायच्या आत त्याचा श्वास थांबला. आजही कुणाचं तान्हं हाती आलं की मी आधी त्याचे तळवे चाचपतो, आणि बायको उठून आत जाते.