प्रभाताईंनी स्वतःच्या गाडीतून काढून दिलेली ठिणगी

प्रभाताई नाडगौडा यांची आणि माझी पहिली भेट वारज्याच्या पुलाखाली झाली. बाबांची मॉरिस मायनर नेहमीप्रमाणे बंद पडली होती आणि मी ती एकटाच ढकलत होतो. मागून तशाच एका मॉरिसमधून चष्मा लावलेल्या, साडीचा पदर खोचलेल्या बाई उतरल्या.

"अहो, ढकलतच न्यायची होती तर पेट्रोल कशाला भरलंत?"

एवढं बोलून त्यांनी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पर्समधली नखं घासायची कानस काढून आत काहीतरी घासलं, आणि गाडी सुरू झाली. मी आभार मानले, तर म्हणाल्या, "महिनाभराने माना. तोवर पुन्हा बंद पडेल."

महिनाही लागला नाही.

इंजिनातल्या प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोचवणं हे डिस्ट्रिब्युटरचं काम. जुन्या गाड्यांत ते धातूच्या दोन लहान टोकांच्या उघडझापीवर चालतं आणि ती टोकं झिजत राहतात. इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमध्ये अशी टोकंच नसतात. तंत्रनिकेतनात विद्युत विषय शिकवून निवृत्त झालेल्या प्रभाताई वारज्यातल्या आपल्या घराच्या आवारात रविवारी सकाळी जुन्या ब्रिटिश गाड्यांना असे डिस्ट्रिब्युटर बसवून देऊ लागल्या, आणि आम्हा गाडीवेड्यांची मंडळी त्यांच्याभोवती जमली.

सगळ्यांना हे रुचलं नाही. आमच्यातले तात्या मूळ रूपाचे कट्टर अभिमानी. "ताई, आज हे बसवताय, उद्या गाडीत कॉम्प्युटर बसवाल," ते एकदा म्हणाले.

"तात्या, तुमच्या छातीत पेसमेकर आहे ना? काढून ठेवू या का? मूळ मॉडेल राहील."

सर्वांत मोठ्याने तात्याच हसले.

पण तात्यांचा आक्षेप प्रभाताईंनी थट्टेवारी नेला नाही. ताईंचा नियमच होता: ज्या बदलातून मागे येता येत नाही, तो करायचा नाही. नवा डिस्ट्रिब्युटर बसला की गाडीच्या मालकाने तो स्वतःच्या हाताने उतरवायचा, जुना बसवून गाडी चालवून दाखवायची आणि मगच नवा कायमचा ठेवायचा. जुना भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून डिकीत.

या नियमाची खरी किंमत मला एका रविवारी कळली. आमच्या घरी गाडी विकायचं ठरत आलं होतं. एका हॉटेलवाल्याला ती फाटकापाशी शोभेला उभी करायची होती आणि संध्याकाळी तो येणार होता. बाबा खडकीच्या कारखान्यात नोकरीला असताना याच गाडीने कामावर जात. ते एवढंच म्हणाले होते, "चालती राहणार असेल तर ठेवू. उभीच राहायची असेल, तर तिथे निदान लोक बघतील तरी." हडपसरच्या माझ्या ऑफिसातल्या एकाने इंग्लंडच्या प्रोजेक्टवरून येताना नवा डिस्ट्रिब्युटर आणला होता. तो घेऊन मी आणि बाबा सकाळीच वारज्याला पोचलो.

प्रभाताईंनी तो बसवला, तारा जोडल्या. मी किल्ली फिरवली. बॉनेटमधून जळका वास आला.

माझ्या गाडीत जुन्या ब्रिटिश पद्धतीप्रमाणे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं होतं. त्यांनी आपल्या गाडीत ते केव्हाच बदललं होतं आणि हातांनी सवयीने तशाच तारा जोडल्या. नवा डिस्ट्रिब्युटर गेला होता.

"मंडळी, जवळ या," त्या म्हणाल्या. "नीट वास घ्या. तीस वर्षं मुलांना शिकवलं की बॅटरी आधी बघा. आज बाईंनी बघितली नाही."

बाबा हळूच म्हणाले, "असू दे ताई. योग नव्हता."

"योगाचं मला कळत नाही. वायरिंगचं कळतं. बसा तुम्ही, चहा येतोय."

मग त्यांनी माझ्या गाडीची बॅटरी आणि बाकीची जोडणी बदलून घेतली, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच्या मॉरिसमधला डिस्ट्रिब्युटर उतरवून माझ्या गाडीत बसवला. त्यांच्या डिकीत तेलाच्या फडक्यातला जुना तयारच होता. नवा मिळेपर्यंत कित्येक महिने प्रभाताई जुन्यावरच फिरल्या, आणि कानस पुन्हा पर्समध्ये गेली. कृतज्ञतेच्या भरात गोष्टी मोठ्या होतात, म्हणून मी हे मंडळींना विचारून ताडून पाहिलं आहे.

त्या दिवशी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. बाबांनी डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि मला म्हणाले, "सरक. मी चालवतो."

संध्याकाळी हॉटेलवाले आले, तेव्हा बाबा गाडी पुसत होते. "विकायची नाही," ते म्हणाले. "एवढ्या लांब आलात, तर बसा. कोपऱ्यापर्यंत सोडतो." आणि खरोखरच सोडून आले.

प्रभाताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो असं लिहिताना, यात माझा काही स्वार्थ आहे का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. आहे. गाडी बंद पडत नाही, त्यामुळे रविवारी वारज्याला जायला बाबांना आता काहीच कारण उरलेलं नाही. तरी ते दर रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघतात, आणि दुपारी ताईंच्या हातची बोलणी खाऊन खुशीत परत येतात. हे येणं-जाणं आणखी पुष्कळ वर्षं चालू राहो.