माझेही राहिले

कर्जतला, दहिवलीतल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिचं दार नीट लागत नाही, बोटभर फट राहते. एका दुपारी जवळजवळ तासभर मी त्या फटीबाहेर उभी राहून आतला माउसचा आवाज ऐकत होते. आत माझी मैत्रीण परीक्षा देत होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ऑफिसात शेजारी कुणी पटापट क्लिक करायला लागलं की मी काही निमित्त काढून उठते.

आम्ही दोघी एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात होतो, पहिल्या वर्षापासून एका बाकावर. ती जवळच्याच कोंडाणे गावची. घरी भातशेती, आणि शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्या लोकांना तिची आई घरगुती जेवण करून द्यायची. शेवटच्या वर्षी आम्ही दोघींनी एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीचा फॉर्म भरला. दुसऱ्या कंपन्यांनी कारभार कसा करावा याचा सल्ला देणारी कंपनी. आमच्या कॉलेजातून तोवर तिथे कुणी गेलं नव्हतं. "घेतलंच तर एखादीला घेतील," असं सर सहज बोलून गेले होते. ते वाक्य आम्ही दोघींनी ऐकलं आणि त्यावर एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.

मुलाखतीआधी एक चाळणी होती, संगणकावरच्या खेळांची. एक समुद्र दिलेला असतो आणि पुष्कळ मासे, खेकडे, पक्षी, वनस्पती. कोण कुणाला खातं, कुणाला किती खाणं लागतं, सगळं आकड्यांत. त्यातले मोजके जीव असे निवडायचे की कुणी उपाशी राहू नये आणि कुणी संपूनही जाऊ नये. त्यानंतर आणखी दोन-तीन भाग. इंटरनेटवर सरावाचे खेळ होते, पण पैसे भरून. मग तिने जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते बनवले. कोऱ्या बाजूला माशाचं चित्र, खाली आकडे. तीन आठवडे आम्ही तिच्या ओटीवर ते पत्ते मांडत बसलो. तिची आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "खेळून नोकरी मिळते व्हय गं? मंग आमी उगाच अभ्यास कर, अभ्यास कर करत बसलो."

खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती. मला जी साखळी जुळवायला अर्धा तास लागे ती तिला दहा मिनिटांत दिसायची. पण तिची एक खोड होती. जुळलेली साखळी ती मोडायची आणि खात्री करायला पुन्हा पहिल्यापासून मांडायची. "एकदा बरोबर आलं ते नशिबानं पण आलं असंल," म्हणायची.

कोंडाण्याला नेटवर्क धड नव्हतं, म्हणून परीक्षा दोघींनी आमच्या घरून द्यायची ठरली. मी सकाळी दहाला, ती दुपारी दोनला.

सुरुवातीलाच एका चौकोनात खूण करावी लागली, की यातलं काही कुणाला सांगणार नाही. केली. सरावात आम्ही प्रत्येक भागाला वेगळा वेळ धरला होता. प्रत्यक्षात सगळ्या भागांना मिळून एकच वेळ होता, आणि सूचनांमध्ये ते कुठेतरी एका ओळीत दडलेलं असणार, कारण माझ्या लक्षात आलं ते दुसरा भाग उघडल्यावर. कोपऱ्यातलं घड्याळ मागचंच पुढे चाललं होतं. पुढचं सगळं मी धावत सोडवलं. शेवटचं उत्तर दिलं तेव्हा अर्धं मिनिट उरलं होतं.

ती बाराला आली. आईने तिला वरण-भात वाढला. जेवताना तिने विचारलं, "कसं गेलं गं?"

"ठीक."

"काय नवीन होतं का?"

मी तिच्या ताटाकडे बघत म्हटलं, "प्रत्येकीला वेगळं येतं म्हणे."

"हां, आणि सांगायचं पण नसतं ना. राहू दे, नको सांगू." तिनेच मला सोडवलं.

एवढंच सांगायचं होतं, की पहिल्या भागात रेंगाळू नकोस. तिच्या त्या खोडीमुळे हे एकच घड्याळ तिला घातक ठरणार हे जगात फक्त मला माहीत होतं. ती जिना चढून जाईपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात होतं.

मग मी दाराबाहेर उभी राहिले. क्लिकचा आवाज आधी शांत, एका लयीत येत होता. ती साखळी मांडत होती. मग थांबला. मग पुन्हा तीच लय, आणि मला कळलं की ती परत पहिल्यापासून मांडते आहे. अजूनही दार ढकलता आलं असतं. बऱ्याच वेळाने आवाज एकदम वाढला, भांबावल्यासारखा, कसाही. आणि बंद झाला.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "शेवटचे प्रश्न उघडलेच नाहीत गं. वेळच संपला."

मी लगेच म्हणाले, "अगं, माझेही राहिले."

तिला बरं वाटावं म्हणून बोलले, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले.

दहा-बारा दिवसांनी मेल आल्या. मी पुढे गेले, ती नाही. मला वाटलं होतं ती आता येणार नाही. ती दुसऱ्याच दिवशी आली, आणि माझ्या मुलाखतीची तयारी करून घ्यायला बसली. नदीच्या पुलाजवळच्या कट्ट्यावर ती साहेब व्हायची आणि तिथे विचारतात तसले अंदाजाचे प्रश्न मला विचारायची, "सांगा बाई, नेरळला वर्षाला किती फ्लॅट विकले जात असतील?" मी चुकले की डोक्यावर टपली मारायची. मला नोकरी लागली ती तिच्यामुळे, हे मी शपथेवर सांगेन.

पुढे कंपनीने मला नव्या मुलांशी बोलायचं काम दिलं. कॉलेजांमध्ये जाऊन खेळांची भीती घालवायची. आता ते सांगायला कंपनीचीच परवानगी असते. "पहिल्या भागात रेंगाळू नका," मी भरल्या सभागृहांना सांगते. मुलं लिहून घेतात. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या रांगेत कुणीतरी तिच्यासारखी मान कलती करून लिहिणारी दिसते आणि माझं पुढचं वाक्य हरवतं. नियमाप्रमाणे त्या दिवशी मी काहीच चुकले नव्हते. त्याचा मला अजून काही उपयोग झालेला नाही.

गेल्या वर्षी मी तिला गाठलं. ती खालापूरकडच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभाग सांभाळते. दुपारच्या सुट्टीत गेटसमोरच्या टपरीवर भेटलो. कामावर केसांना लावायच्या जाळीची खूण तिच्या कपाळावर उमटलेली. मी चहा यायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. घड्याळाचं, दारापाशी उभं राहिल्याचं.

तिने ऐकून घेतलं. "घड्याळाचं नाय सांगितलंस, ते ठीक हाय. कबूल केलं होतंस तू," ती म्हणाली. मग कप खाली ठेवला. "पण तुझे राहिले नव्हते?"

"नाही. सगळे झाले होते."



"मी काय धरून चालले माहितेय? हिचे पण राहिले, माझे पण राहिले. तरी ही पास झाली. म्हणजे मी जे सोडवलं तेच सगळं चूक होतं. दोन-दोनदा तपासून चूक." तिचा आवाज चढला नाही. "आणखी दोन कंपन्यांचे फॉर्म भरून ठेवले होते मी. पाठवले नाय. म्हटलं, आपलं डोकं त्यातलं नाय."

मला हे कधी सुचलंही नव्हतं. इतकी वर्षं मी न बोललेल्या वाक्यापाशी अडकून बसले होते, आणि तिचं आयुष्य वळलं होतं ते मी बोललेल्या वाक्याने.

मी माफी मागितली. तिने माझ्या हातावर हात ठेवला, पण मला वाटतं तो मला थांबवायला. "आत्ता नको गं," ती म्हणाली. "मला आधी हे नीट मांडून बघू दे." सुट्टी संपल्याची घंटा झाली. तिने दोघींच्या चहाचे पैसे दिले, ओळखपत्र गळ्यात सरळ केलं आणि गेटमधून आत गेली.

त्यानंतर मी तीनदा फोन केला. तिने उचलला नाही. संक्रांतीला तिच्या आईचा आला होता, "येत का नाय गं हल्ली?" म्हणून. मी कामाचं कारण सांगितलं, आणि त्यांनी ते खरं मानलं.