तीन कापूस, दोन मका

मंडळी, आज अमळनेरजवळच्या आमच्या शाळेत तपासणी होती. साहेब मागच्या बाकावर बसलेले आणि मी सातवीला बीजगणित शिकवत होतो.

म्हटलं, क म्हणजे कापूस, म म्हणजे मका. ३क + २म यांची बेरीज होत नाही, ही विजातीय पदं आहेत.

पूनम उठली. "सर, कापूस, मका, बठ्ठं क्विंटलमाच मोजतस ना? मंग पाच क्विंटल."

साहेबांचं पेन थांबलं. तिचं बरोबर होतं; मी अक्षर वस्तूला दिलं होतं, संख्येला नाही.

मी फळा पुसला. "क म्हणजे कापसाच्या एका गाठोड्याचं वजन, म म्हणजे मक्याच्या एका पोत्याचं. आता?"

"गाठोडं येगळं भरस, पोतं येगळं. मंग पाच कशाना?" ती बसता बसता थांबली. "हाई आधी का नही सांगं, सर?"

साहेबही माझ्याकडेच बघत होते. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?