कडूकाकांचा हाय स्ट्रीट

हेरॉइन सोडू पाहणाऱ्यांना इथे इंग्लंडमध्ये रोज सकाळी फार्मसीत मेथाडोन देतात. हिरवं, घट्ट, खोकल्याच्या औषधासारखं दिसणारं. ते आमच्यासमोरच प्यायचं असतं आणि प्यायल्यावर काहीतरी बोलून दाखवायचं असतं, म्हणजे गिळलं हे कळतं. नाहीतर काही जण तोंडात धरून बाहेर नेतात आणि विकतात. इतर दुकानांत ‘थँक यू’ एवढं चालतं. आमच्या कडूकाकांच्या दुकानात मात्र ‘चटईला टाचणी टोचली’ असं म्हणावं लागायचं. पुढचे दात गेलेली, थंडीनं गारठलेली इंग्लिश माणसं काउंटरला धरून ‘चताइला ताचनी’ म्हणत, आणि काका चष्म्यावरून बघत म्हणत, “परत म्हण. तुझ्या चटईला काही टोचलंच नाही.”

पहिल्याच दिवशी हे बघून मला कसंतरी झालं. लग्न करून पुण्याहून आले होते, नवरा नॉटिंगहॅमला नोकरीला, आणि तिथून अर्ध्या तासावरच्या या छोट्या गावात मला काकांकडे डिस्पेन्सरचं, म्हणजे औषधं काढून द्यायचं, काम मिळालं होतं. माझा चेहरा बघून रांगेतली एक बाई म्हणाली, “नवीन आहेस का गं? मनाला लावून घेऊ नकोस. हा म्हातारा सगळ्यांशीच डुकरासारखा वागतो.” मग तिनं कप रिकामा केला आणि ‘चटईला टाचणी टोचली’ इतकं स्वच्छ म्हटलं की मी बघतच राहिले. ती मॉरीन.

काका मूळचे मिरजेचे. गावातल्या चार मराठी घरांनी त्यांचं नाव कडूकाका ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. “आमच्याकडे कडू ही शिवी आहे,” असं त्यांनी मला स्वतःच सांगितलं, तेही खुशीत. मी इंटरव्ह्यूत गोल्ड मेडलचा उल्लेख केला होता. त्यावर ते म्हणाले होते, “पुण्यात हुशार असशील. इथे आधी फरशी पूस.” इंग्लिशमध्ये त्यांना आणखी धार यायची. टकलावर केस उगवायचं तेल मागणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी सांगितलं, “यानं केस येत नाहीत, आशा येते. तीच हवी असेल तर देतो.” काकू हॉस्पिटलमध्ये शेवटच्या अवस्थेत होत्या तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता त्या कम्फर्टेबल आहेत. काका म्हणाले, “ती नाही, तुम्ही कम्फर्टेबल आहात. तिला दुखतंय.”

बर्फ पडून गाड्या बंद झाल्या की हाच माणूस बूट चढवून म्हाताऱ्या पेशंटांची औषधं घरोघर पोचवायला चालत निघायचा. दार उघडलं की म्हणायचा, “अजून आहात होय? नसतात तर माझी चक्कर वाचली असती.” आतून हसण्याचा आवाज यायचा. मी एकदा सोबत गेले होते, म्हणून मला माहीत आहे.

मॉरीन तेवढी त्यांना पुरून उरायची. पन्नाशीची असेल, पण दिसायची सत्तरची. सुया टोचून टोचून एक पाय कायमचा सुजलेला, त्यावर न भरणारी जखम. काका तिला आतल्या खोलीत बसवून ड्रेसिंग बदलायचे आणि दोघं एकमेकांना यथेच्छ बोलायचे. “हा पाय वासावरून ओळखता येतो,” काका म्हणायचे. “आणि तू तोंडावरून, बोकडा,” ती म्हणायची. काकू गेल्याचं कळल्यावर ती दुसऱ्या दिवशी आली, औषध प्यायली, टाचणी टोचवली आणि म्हणाली, “आता तुला सहन करणारी मी एकटीच उरले.” त्या दिवशी ड्रेसिंग बांधायला काकांना फार वेळ लागला.

तेव्हा आमच्या हाय स्ट्रीटची, म्हणजे गावातल्या मुख्य बाजाररस्त्याची, दशा वाईट होती. दर दोन दुकानांमागे एक बंद, दारांत तुटलेल्या बाटल्या, चार वाजता अंधार पडला की बायका पलीकडच्या फुटपाथनं भरभर चालायच्या. मला घ्यायला नवरा यायचा. एका संध्याकाळी लोकरीच्या दुकानातल्या जोनला दोघांनी पाडलं आणि तिची पर्स नेली. तिचं कंबरेचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत काका थंड फुटपाथवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पोलीस दुसऱ्या दिवशी आले.

बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट काढायची कल्पना कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, आधीच मांडली होती आणि दुकानदारांनी ती उडवून लावली होती. आद्याक्षरांवरून सगळे तिला ‘बिड’ म्हणत. दुकानदारांनी मतदान करायचं, बहुमत झालं की सगळ्यांनी ठरलेली वर्गणी भरायची आणि त्यातून आपल्या रस्त्याची व्यवस्था आपणच बघायची. जोनला हॉस्पिटलात भेटून आल्यावर काका दुकान माझ्यावर सोपवून दारोदार फिरले. खाटिकाला म्हणाले, “पुढच्या वेळी तुझी बायको असेल. तेव्हा मी मांडी देणार नाही.” मतदान जिंकलं आणि चेअरमन कोण, हा प्रश्नच उरला नाही.

आणि बिडनं खरोखर काम केलं. जांभळ्या जॅकेटातले दोन रेंजर, म्हणजे बिडचे पगारी गस्तवाले, दिवसभर फिरू लागले. दुकानादुकानांत वॉकी-टॉकीसारखे रेडिओ आले. एका दुकानात कुणी गडबड केली की बाकीच्यांना लगेच कळायचं. मागच्या बोळांना गेटं बसली, दिवे आले, फुटपाथ धुतले जाऊ लागले, खांबांवर फुलांच्या टोपल्या लागल्या. दिवाळीत आम्ही चौकात रांगोळ्या काढल्या आणि इंग्लिश मुलं पायांचे ठसे उमटवून गेली. बंद दुकानं एकेक करून उघडली. जोन काठी घेऊन परत आली. माझा नवरा मला घ्यायला यायचा बंद झाला.

काका चेअरमन म्हणून निर्दयच होते. खाटिकाचे डबे रस्त्यावरून हलवले. सुखी नावाचा एक पंजाबी ऑफ-लायसन्स, म्हणजे दारूचं दुकान, चालवायचा, त्याला स्वस्तातल्या स्ट्राँग सायडरच्या, सफरचंदाच्या दारूच्या, सुट्या बाटल्या विकणं बंद करायला लावलं. त्याचा निम्मा धंदा त्यावर होता. तो गयावया करत होता, तेव्हा काका म्हणाले, “तुझं पोट भरावं म्हणून बाकीच्यांनी दारात ओकाऱ्या पुसायच्या का?”

आमच्या समोर एक नवीन कॅफे आला आणि त्यानं बाहेर टेबलं मांडली. टेबलांवर बसलं की आमची सकाळची रांग दिसायची. बिडची मॅनेजर हेलन, सभ्य बाई, तिनं मीटिंगमध्ये हा विषय फार वळसे घेत काढला. मी मिनिट्स लिहायला जायचे, म्हणून तिथे होते. काका म्हणाले, “सरळ सांग ना. माझी गिऱ्हाइकं घाण दिसतात.” सगळे हसले. मग सुखी बोलला. त्याचा आवाजही चढला नव्हता.

“माझ्या बाटल्या बंद केल्या तुम्ही. मी ऐकलं. तुमच्या हिरव्या बाटलीचं काय?”

हे औषध आहे, ती दारू होती, एवढं म्हणायचा काकांना पूर्ण हक्क होता. मला वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले, “बरोबर आहे. नियम सगळ्यांना सारखा. लिहून घे.” शेवटचं मला होतं, मराठीत.

महिन्याभरात आमची मेथाडोनची सेवा बंद झाली आणि सगळ्यांची प्रिस्क्रिप्शनं रिंगरोडपलीकडच्या रिटेल पार्कमधल्या फार्मसीकडे गेली. काकांनी एकेकाला स्वतः सांगितलं. बहुतेकांनी खांदे उडवले. मॉरीन म्हणाली, “तिकडे दोन बस बदलाव्या लागतात.”

“मग चालत जा. पाय आहेत ना?”

“धड एकच आहे, माहितीये तुला.”

“मग एका पायावर जा,” काका म्हणाले.

ती हसली. मीही हसले. त्यांचं असंच चालायचं.

पहिले काही आठवडे ती जात असावी. मग एक बस चुकली, एकदा पाय सुजला, एकदा पाऊस. लागोपाठ तीन दिवस चुकले की औषध थांबवतात, क्लिनिकनं पुन्हा तपासल्याशिवाय देत नाहीत. तो नियम देशभर आहे आणि कारणही चांगलं आहे: मध्ये खंड पडला की तोच डोस जिवावर उठू शकतो. मॉरीनचे तीन दिवस चुकले. एका सकाळी ती आमच्याकडे आली. नाक वाहत होतं, अंगाला कापरं, पायाचं ड्रेसिंग पार काळं पडलेलं.

“थोडं दे,” ती म्हणाली.

“माझ्याकडे तुझं प्रिस्क्रिप्शन नाही, मॉरीन,” काका म्हणाले.

“थोडंसं.”

“थोडंसंसुद्धा देता येत नाही. क्लिनिकला जा.”

ती पेशंटांच्या खुर्चीवर बसली. काकांनी मला आतून ड्रेसिंगचं सामान आणायला सांगितलं. मी आणलं, पण तिनं पाय पुढे केलाच नाही. नुसती बसून राहिली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती बाजूला सरकली. एका बाईनं मुलाला जवळ ओढलं. काकांनी मॉरीनला दोनदा उठायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी काउंटरखालचा रेडिओ उचलला आणि आपल्या दुकानाचं नाव सांगून रेंजर मागवला.

डॅनी नावाचा रेंजर आला, मऊ स्वभावाचा. त्यानं तिच्या कोपराला धरून तिला उठवलं. दारापाशी ती थांबली. काकांनी मान वर केली. ते तिच्या शिवीची वाट बघत होते, मला स्पष्ट दिसत होतं. ती काही न बोलता गेली.

दार लागताच काकांनी फोन उचलला आणि क्लिनिकला जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली. डॅनीला त्यांनी तिला शोधून निरोप द्यायला धाडलं. तो त्याच्या हद्दीत दोन दिवस शोधत होता. बिडची हद्द नकाशावर आखलेली असते आणि गावातला बहुमजली कार पार्क त्या रेषेच्या पलीकडे पडतो. मॉरीन कार पार्कच्या जिन्यात मेलेली सापडली, बुधवारी. बाहेरून काहीतरी विकत घेऊन टोचलं होतं.

पुढच्या मीटिंगला हेलननं रिपोर्ट वाचला. आपल्या हद्दीत या तिमाहीत एकही गंभीर घटना नाही. कॅफेवाल्यानं टेबलावर बोटांनी ताल धरला. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, “नोंद घ्यावी. पुढचा विषय?” पुढचा विषय ख्रिसमसच्या दिव्यांचा होता.

तिचं कुणी नव्हतं, म्हणून अंत्यसंस्कार कौन्सिलनं केले. असे विधी सकाळी पहिल्या वेळेला उरकतात. काका, मी आणि डॅनी अशी तिघं होतो. विधी करणाऱ्या माणसानं तिला साधी, शांत स्वभावाची बाई म्हटलं. काका मोठ्यानं म्हणाले, “शांत? तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताय.” तो माणूस गोंधळला आणि पुढचं वाचायचं विसरला. बाहेर आल्यावर डॅनी रडला. काकांनी त्याला रुमाल दिला आणि जॅकेटची चेन लावायला सांगितली, सर्दी होईल म्हणून.

बिडची मुदत पाच वर्षांची, मग पुन्हा मतदान. ते आलं तेव्हा काका पुन्हा दारोदार निघाले. मला राहवलं नाही.

“काका, तुम्ही अजून यांच्यासाठी फिरता?”

“जोनला परत कुणी पाडलं का?”

“नाही.”

“तू अंधारात एकटी घरी जातेस ना?”

“जाते.”

“मग रस्ता चांगला झालाय. त्यात खोटं काही नाही.” कोट चढवता चढवता ते थांबले. “मॉरीनला रस्त्यानं नाही पाडलं. ते मी केलं. त्याचं खापर बिडवर फोडू नकोस.”

बिड पहिल्यापेक्षा मोठ्या बहुमतानं जिंकलं. त्यानंतर वर्षभरात काकांनी दुकान विकलं आणि ब्रिस्टलला मुलीकडे जायचं ठरवलं. बिडनं दुकानासमोरच्या त्याच कॅफेत निरोपसमारंभ ठेवला. केक होता, जोननं विणलेला मफलर होता, सुखीनं स्वतःहून उभं राहून चार चांगले शब्द सांगितले. हेलन म्हणाली, या रस्त्यावर आज आपण सगळे सुरक्षित आहोत ते यांच्यामुळे. मग काकांना बोलायला लावलं.

ते उठले. “हेलन म्हणते ते खरं आहे,” ते म्हणाले. “आता या रस्त्यावर कुणी मरत नाही. रेषेपलीकडे जाऊन मरतात. ती सोय मी केली.”

सगळे खो-खो हसले. कुणीतरी टेबल वाजवलं. काका हसू थांबायची वाट बघत उभे राहिले, पण ते थांबलं की दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा सुरू व्हायचं. शेवटी कॅफेवाल्यानं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि काका खाली बसले. समोर आलेला केक त्यांनी पूर्ण खाल्ला.

बाहेर जावई गाडी घेऊन थांबला होता. मी त्यांच्या पिशव्या धरून सोबत गेले. मफलर त्यांनी गळ्यात घातला होता आणि तो त्यांना अजिबात शोभत नव्हता.

“हसले सगळे,” ते म्हणाले.

“त्यांना तुमची सवय आहे, काका. त्यांना वाटलं, नेहमीसारखंच.”

“हं.” त्यांनी गाडीचं दार उघडलं. आत बसायच्या आधी जरा टेकून उभे राहिले. “मॉरीन असती तर हसली नसती. तिथेच उभं राहून शिवी घातली असती.”

मग ते बसले, बेल्ट लावला आणि जावयाला म्हणाले, “चल आता, इथे पार्किंग नाही.”